टाकीतले दगड

(दवाखान्यातली खोली. बाबा खाटेवर, मुलगी आत्ताच धापा टाकत आलेली.)

बाबा : सांगून कुणाला पटायचं नाही, पण आज सकाळी तुझा बाप कागदोपत्री बेशुद्ध होता! आणि बसला होता पेपरातलं कोडं सोडवत.

मुलगी : बाबा, थट्टा पुरे. फोनवर आई नुसती रडत होती. सोडियम फार उतरलंय म्हणे?

बाबा : एकशे बारा. रक्तातलं मीठ गं. एवढं खाली गेलं की झटके येतात, शुद्ध हरपते माणसाची. आकडा ऐकून नर्सबाईंच्या हातातला ट्रे पडला. तुझ्या आईनं तर मिठाची अख्खी पुडी माझ्या तोंडात रिकामी केली.

मुलगी : अगं बाई! मग?

बाबा : मग टांगली खारट सलाईनची बाटली. सुई टेकणार, तोच डॉक्टरबाई ओरडल्या, "थांबा! हे तर शुद्धीत बसून मलाच कोडं घालताहेत!" रक्त पळवलं दुसऱ्या मशीनवर. तिथे सोडियम ठणठणीत. एकशे अडतीस!

मुलगी : काय? आणि ती बाटली चढली असती तर?

बाबा : तर मेंदू खारवून निघाला असता.

मुलगी : बापरे! पहिलं मशीन बिघडलेलं होतं का?

बाबा : छे! नळवाल्याची लेक ना तू? टाकीत दगड टाकले तर पाणी कमी मावणारच. पण आहे ते पाणी तेवढंच खारट. पहिलं मशीन मापून रक्त घेतं, वर पाणी ओततं, आणि दगड नाहीतच असं धरून हिशेब करतं, म्हणून मीठ कमी दिसतं. दुसरं मशीन पाणी न मिसळता थेट मोजतं.

मुलगी : आणि रक्तात दगड कसले?

बाबा : प्रथिनं. इतकी, की सुई सोडली तरी उभीच राहिली!

मुलगी : एवढी आली कुठून?

बाबा : अंडी! तुझ्या आईनं जन्मभर उकडून घातलेली. तिलाही हेच सांगितलं, तेव्हा कुठे रडं थांबलं.

मुलगी : मग उद्या हाडातला मगज काढून तपासणार आहेत, असं नर्सबाई आत्ता दारात म्हणाल्या, ते कशाला?

बाबा : ते... अंडी कोंबडीची होती की बदकाची, ते बघायला.

मुलगी : बाबा, अंड्यांनी रक्त असं होत नाही. हे खोटं आईपुरतं ठेवा. मला खरं सांगा.