नववा भाग

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंचे कान मागच्या बाकावरच्या नवरा-बायकोकडे लागले होते.

"दार लावून काय बघता हो?"

"जपानी कार्टून. विनोदी असतं."

"तो नायक दरवेळी घसरून मालकीणबाईंच्या अंगावरच बरा पडतो?"

"तुला काय माहीत?"

"आवाज येतो बाहेर."

"मी हेडफोन लावतो. आणि मी चौथ्या भागावर होतो. काल उघडलं तर नववा चालू!"

"तुमच्यावर लक्ष नको ठेवायला?"

"पाच-पाच भाग?"

"किळस येते हो. ती नको नको म्हणते, कुणी ऐकतच नाही."

"आणि हसू?"

"तेही येतं. त्याचाच तर राग येतो."

आतून शिंपीणबाईंना हाक आली.

"दुसऱ्या कुणाला घ्या आधी," त्या गाल सावरत म्हणाल्या, "मला काही घाई नाही."