कानातलं

क्रेनची नोंदवही. मंगळवार, ४ मार्च. सकाळी धुकं, नऊनंतर लख्ख ऊन. वारा नाही, वजन उचलायला दिवस चांगला.

— राहू द्या हो ते पट्टे, आधी चहा घ्या. अहो क्रेनवाले, दगडाचा कान आहे तो, पळून जातोय थोडाच? बसा या कठड्यावर. साखर जास्त झालीय का? झाली असेल, बोलता बोलता माझा हात सैल सुटतो. तर काय विचारत होतात — मी कोण, कलादालनातली बाई का? छे! हा कान ज्यानं घडवला त्याची मी धाकटी बहीण. आणि हा कान जिच्याकडे तोंड करून उभा आहे ना, ती गोल वळलेली भिंत, तिच्यामागची ती सगळी इमारत — ती ज्यांनी बांधली त्यांची बायको. म्हणजे बागेत दादाचा कान, समोर आमच्या ह्यांची भिंत, आणि मधल्या हिरवळीवर मी. भिंतीला कान असतात म्हणतात, माझ्या नशिबी दोन्ही घरचेच निघाले.

आज तुम्ही त्याचं तोंड रस्त्याकडे करणार, ठाऊक आहे मला. दादानंच कलादालनवाल्यांचं डोकं खाऊन खाऊन त्यांना कबूल करायला लावलंय. कारण कान उलटा बसलाय. उलटा कसा? अहो, तुमच्यासारख्याच एका क्रेनवाल्यानं बसवला — तुम्ही नव्हता ना? नाही, तो मिशीवाला होता. झालं काय, ह्यांनी नकाशावर एक बाण काढला आणि बाणापाशी लिहिलं, 'दर्शनी बाजू'. ह्यांच्या लेखी ती इमारतीची — इमारत सोडून जगात आणखी कशाला दर्शनी बाजू असते हे ह्यांना मुळात मान्यच नाही. मिशीवाल्याला वाटलं, कानाची. आता कानाची दर्शनी बाजू कुठली, तुम्हीच सांगा? भोकाची, बरोबर! केलं भोक बाणाकडे. उद्घाटनाला फाटकातून आत येणाऱ्या एकूण एक माणसाला काय दिसलं? कानाची मागची बाजू! दादा म्हणतो, 'जावईबापूंनी माझ्या कानाला शाळेतल्या पोरासारखं भिंतीकडे तोंड करून उभं केलं.' हे म्हणतात, 'मी बाण माझ्या इमारतीला काढला होता, त्याच्या कानाला नाही.' आणि माहितीपत्रकात काय छापून आलं, सांगू? 'शिल्प आणि वास्तू यांच्यातला अखंड संवाद.' अखंड! त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोललेले नाहीत. सगळं माझ्यामार्फत. 'त्याला सांग.' 'त्यांना सांग.' मी काय टपालखातं आहे?

नाही, चूक कबूल केली होती हो ह्यांनी. त्याच दिवशी, भर गर्दीत, दादाच्या मागे उभं राहून — 'चुकलं माझं.' आमच्या अख्ख्या संसारात मला एकदाही ऐकायला मिळालं नाही ते वाक्य! आणि दादा तसाच चालत पुढे निघून गेला. झालं, हे तेच धरून बसले. 'परत म्हणायचं तर मी त्या भिंतीला म्हणेन, तुझ्या दादाला नाही.' पण दादानं मुद्दाम पाठ फिरवली नव्हती, त्याला ऐकूच — काही नाही. काही नाही म्हणाले मी. बिस्कीट घ्या.

असं बघू नका हो. बरं, सांगते. तुम्हाला सांगायला काय हरकत आहे — दादानं शपथ घातलीय ती 'तुझ्या नवऱ्याला सांगायचं नाही' अशी, तुम्ही थोडेच माझे नवरे आहात? दादाला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्यानं जेमतेम. जन्मभर दगड कापायचं यंत्र चालवलं, कानात कापसाचा बोळा म्हणून कधी घातला नाही. कान घडवणाराच बहिरा, लोक हसतील म्हणतो. म्हणून कुणी बोलायला लागलं की हा नुसती मान हलवतो, नाहीतर सरळ निघून जातो. गर्विष्ठ म्हणवून घेईल, पण बहिरा नाही! मला तरी कुठं माहीत होतं? परवा त्याच्या पाठीमागे माझ्या हातून पातेलं पडलं — रस्त्यावरची कुत्री भुंकली, हा हललासुद्धा नाही. मग मी ओट्याशी बसून — जाऊ द्या. चहा गार होतोय तुमचा.

आता गंमत ऐका. दुपारची मी त्या कानाच्या पोकळीत जाऊन बसते. छान सावली असते, संत्रं सोलते, बाहेरून कुणाला दिसतसुद्धा नाही. एकदा अशी बसले होते, तर कुणीतरी अगदी माझ्या डोक्यात बोललं — 'गेलं बघ कानातलं आत!' दचकलेच मी. बाहेर येऊन पाहते तर दोघे पहारेकरी पार तिकडे भिंतीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून सिगारेट ओढत कुजबुजतायत. मला 'कानातलं' म्हणतात मेले! पण राग राहिला बाजूला. भिंत गोल, कान खोल — तिथं पुटपुटलेलं इथं घंटेसारखं वाजतं. सरळ बसवला असता तर वाजलं असतं? आलं ना ध्यानात, पट्टे का नकोत ते?

म्हणून दादाला म्हटलं, क्रेन लागायच्या आत पोकळीत कुठं तडा गेलाय का, हात फिरवून बघ. आणि ह्यांना म्हटलं, भिंतीला सांगेन म्हणत होतात ना? मग आज सांगून टाका, उद्यापासून तिच्यासमोर कान नसणार. दादा दुपारनंतर येणार आहे, घाबरू नका, असंही सांगितलं ह्यांना. — खोटं? थोडंसं. कानाला भोक असतं, तेवढं खोट्यालाही असायला हवं.

आला. दादा आला. शिरला बघा आत, दगड चाचपतोय. आणि ते बाजूचं दार — हे! टाय लावलाय! भिंतीला भेटायला टाय! कप वाजवू नका, गवतावर ठेवा. उभे राहिले. घसा खाकरतायत... बोलले, बोलले काहीतरी, खांदे बघा कसे पडले. दादाचा हात थांबला. थांबला हो! आला बाहेर. आता काय ओरडतोय हा — 'परत म्हणा, जावईबापू! अहो, इकडे वळू नका, तिथूनच म्हणा, भिंतीकडे तोंड करून!' आणि शिरला बघा परत आत!

काय? नाही, डोळ्यांत काही गेलं नाही माझ्या. तुम्ही गुंडाळा ते पट्टे आणि निघा बघू. घरचं बोलणं चाललंय.

शिल्पकारांनी काम रद्द केलं. कान फिरवला नाही. बाराच्या सुमारास क्रेन परत आणली.