रबरी बदकाला शस्त्र म्हटल्याबाबत

मी ऑरव्हिल जेसप टॅकेट, वय ७८, धंदा पूर्वी लाकडाच्या गिरणीत, सध्या घरीच, शिक्षण आठवीपर्यंत, राहणार हॅझलफोर्क, वेस्ट व्हर्जिनिया, समक्ष हजर राहून सांगतो की,

प्रथम उशिराबद्दल माफी मागतो. प्रकार शनिवारचा, आज मंगळवार. मी रविवारी इथे ठाण्यात आलो होतो. "आजोबा, तुमचं काय काम इथं?" असे म्हणून मला परत पाठवले. तरी माफी मीच मागतो.

माझी नात डेलिया माझ्याजवळ राहते. ती कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असून तिथेच लष्कराच्या राखीव अधिकाऱ्याचे प्रशिक्षण घेते. सरावाला त्यांना रबराची बंदूक देतात. दिसते खरी, पण गोळी सुटत नाही. ही मुले तिला ‘डक’ म्हणतात, म्हणजे बदक. का म्हणतात ते मला माहीत नाही. डेलियाने ती परवानगीने घरी आणली होती.

शनिवारी दुपारी ती घरामागच्या कुरणात चिखलातून सरपटत होती. मी ओसरीवर शेंगा निवडत होतो. शेजारीण लोरेटा प्रूइट कुंपणाशी आली आणि ओरडली, "अगं बाई! बंदूक कुणावर रोखलीस?" डेलिया हसत म्हणाली, "काकू, डक! डक!" याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘खाली वाक’ असा होतो. लोरेटाने अंग जमिनीवर झोकून दिले. तिचे मनगट मोडले. डेलिया बंदूक टाकून धावली, तिने स्वतःच्या पट्ट्याने तो हात गळ्यात बांधून दिला. तोवर लोरेटाने दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावला होता.

लोरेटाच्या तक्रारीत ‘वाक, नाहीतर गोळी घालते’ असे शब्द आहेत. ते कोणी उच्चारले नाहीत. या पोरीला लहानपणी लोरेटाने न्हाऊमाखू घातले आहे. असे सांगताना तिची जीभ कशी अडखळली नाही, ते तिलाच विचारा.

ठाण्यातल्या अंमलदार क्रिब्स यांनी मला विचारले, "आजोबा, कानात यंत्र घालता ना? मग ऐकू कसं आलं?" यंत्र घातले होते म्हणूनच ऐकू आले.

त्यांनी माझ्यासमोर ती बंदूक पाइपसारखी वाकवली आणि शेजारच्या शिपायाला म्हणाले, "बघ रे, हिनं माशीसुद्धा मरायची नाही." दोघे हसले. मग कागदावर ‘शस्त्र जप्त’ असे लिहिले. मी म्हणालो, "साहेब, रबरी म्हणा की." ते म्हणाले, "ते कोर्टात सांगा." कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

गुरुवारी सकाळी उन्हाळी शिबिराची बस सुटते. त्या शिबिराशिवाय अधिकारी होता येत नाही. पोलिसांनी तक्रार निकाली काढल्याचे कळवले तरच डेलियाला बसमध्ये घेऊ, असे कॉलेजच्या कॅप्टनबाई म्हणाल्या. डेलियाने भरलेली पिशवी काल रिकामी केली. मला म्हणाली, "राहू द्या आजोबा, कपडे उगाच चुरगळतील."

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या वाचनात ‘हसत म्हणाली’ यातला ‘हसत’ गाळलेला होता. तो घालायला लावून मी पुन्हा ऐकले. आता मी बोललो तसेच आहे, म्हणून सही करतो.

तक्रारीचे काय ठरते ते कॅप्टनबाईंना आणि मला उद्यापर्यंत कळवा. पोरीला फोन करू नका, आधी मला सांगा, काहीही असले तरी. पण लवकर कळवा.