एक सूत कमी

क्लीव्हलंडच्या मेळ्यात डेलबर्ट जुन्या बेसबॉल-कार्डांना दर्जाचा आकडा देणाऱ्या टेबलाच्या रांगेत होता. पुढं एक म्हातारी.

"आजी, कार्ड अस्सल आहे, पण रुंदीला सूतभर कमी. कुणीतरी कापलंय," टेबलामागचा तपासनीस म्हणाला.

"कुणीतरी? माझ्या आईनं! तेव्हा दुकानदार दहा कार्डांची अख्खी पट्टी द्यायचा. पोरं घरी कात्रीनं सुटी करायची."

"मापात नाही, तर आकडा नाही. कार्डाच्या प्लॅस्टिकच्या डबीवर फक्त 'कापलेलं' असं लिहीन."

"लिही की! पण अर्धवट नको."

"आजी, रांग खोळंबलीय."

"खोळंबू दे," मागून डेलबर्ट म्हणाला.

"हं, लिही. कापलेलं. कापणारी ओपल किंकेड, वय वर्षं सात."