विभागप्रमुखाच्या कमरेचं माप

(आखाती देशातल्या वादी अदाई या वस्तीतला एक फ्लॅट. प्राध्यापक अंबरीश कॉलेजातून आत्ताच आला आहे. बायको शैला वह्या तपासते आहे.)

अंबरीश : स्कॉटिश साहित्य बंद केलं आज. खलास. जेवायला काय आहे?

शैला : काय बंद केलं?

अंबरीश : कुठे काय? मी काही बोललोच नाही. भेंडी आहे का?

शैला : आत्ता दारात म्हणालास तू.

अंबरीश : दारात माणूस काहीही बोलतो. ऊन बघ बाहेर.

शैला : अंबरीश, नोकरी गेली?

अंबरीश : नोकरी आहे. विषय गेला.

शैला : असं कसं होईल?

अंबरीश : डीन अहमदसाहेब फार सज्जन माणूस. आधी खजूर दिले, काहवा पाजला. मग म्हणाले, डॉक्टर, एका विद्यार्थ्यावर विभाग चालत नाही. मी म्हटलं, पण नुमान हुशार आहे. तर म्हणाले, तो हुशार आहे म्हणूनच येतो. तुमच्या खिडकीखालच्या पार्किंगला शेड आहे.

शैला : खरंच तेवढ्यासाठी येतो तो?

अंबरीश : सुरुवातीला तेवढ्यासाठीच. माझी तक्रार नव्हती. मी तरी पुण्याहून स्कॉटलंडला कशाला गेलो? त्या स्कॉलरशिपला दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता.

शैला : मला तर सांगितलं होतंस, ओढ होती म्हणून.

अंबरीश : ओढ नंतर लागली. हीटर फक्त लायब्ररीत चालायचा.

शैला : बरं, मग आता शिकवणार काय?

अंबरीश : शिकवायचं नाही. वाजवायचं.

शैला : काय?

अंबरीश : बॅगपाइप. नॅशनल डेला इथली फौज उंटावर बसून वाजवते, तसा कॉलेजचा बँड. उंट वगळून. अहमदसाहेब म्हणाले, स्कॉटलंडचा माणूस घरात असताना बाहेर कशाला शोधायचा?

शैला : तुला येत नाही म्हणून सांगितलंस ना?

अंबरीश : सांगितलं. म्हणाले, डॉक्टर, विनय पुरे.

शैला : अरे, तुला कुकरच्या शिट्ट्या नीट मोजता येत नाहीत!

अंबरीश : व्हिसा नोकरीवर आहे, शैला. आपली अंतरा बारावीला आहे.

शैला : म्हणजे तू हो म्हणालास.

अंबरीश : मी गप्प बसलो. त्यांनी ‘यल्ला, चला तर’ म्हणून हात मिळवला. बेल वाजतेय बघ.

शैला : या बाबामियाँ. आज शिलाईचं दुकान लवकर बंद केलंत?

बाबामियाँ : सलाम वहिनी. कामाचाच हाय. प्रोफेसरांच्या कमरेचा माप घ्यायचा हाय.

शैला : पँट शिवायला टाकली का याने?

बाबामियाँ : पँट नाय ओ. स्कॉटलंडचा घागरा! अहमदसाहेबान गेल्या महिन्यात ऑर्डर दिलान. पोरांचे सगले शिवून झाले, ह्ये एकटे रवले.

शैला : गेल्या महिन्यात?

अंबरीश : मला आज सकाळी विचारलं.

बाबामियाँ : तुमाला ठावक नव्हता? अख्ख्या बिल्डिंगला ठावक हाय. ह्यो बघा कापड.

शैला : अहो, हे तर आमच्या शाळेच्या मुलींच्या पिनाफोरचं कापड! पाचवीचं!

बाबामियाँ : उरलेला तागा व्हता. चौकडी ती चौकडी.

अंबरीश : तिकडे प्रत्येक घराण्याची चौकडी वेगळी असते, बाबामियाँ.

बाबामियाँ : मग तुमचा घराना पाचवी ‘ब’. हात वर करा.

शैला : आणि नुमान? त्याला कळलं?

अंबरीश : पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, सर, त्या कोळणीच्या कवितेचं शेवटचं कडवं राहिलं. त्याची आजी इथल्या सूर बंदरातली. तीही असंच एक गाणं म्हणते, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याचं. त्याने ते मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं होतं. मला म्हणाला, तुमच्या गाण्यात नवरा परत येतो का, एवढं तरी सांगा.

शैला : मग? सांगितलंस?

अंबरीश : मी म्हटलं, ते आता परीक्षेला नाही.

शैला : अंबरीश!

अंबरीश : आजवर कुठल्या विद्यार्थ्याला असं बोललो नव्हतो.

बाबामियाँ : श्वास सोडा प्रोफेसर. पोट आत धरू नका, वाजवताना भायेर येल.

शैला : नको करूस हे. पुण्याला जाऊ परत.

अंबरीश : पुण्यात माझ्या विषयाला शेडसुद्धा मिळायची नाही.

शैला : मग निदान लिही काहीतरी त्यांना. असा गप्प बसून हो म्हणू नकोस. तू मराठीत सांग, इंग्रजी मी करते.

बाबामियाँ : लिवा, लिवा. पन हात वरच ठेवा.

अंबरीश : माननीय अधिष्ठाता महोदय. बँडची जबाबदारी मला मान्य आहे.

शैला : हं. लिहिलं.

अंबरीश : स्कॉटिश साहित्य हा विषय अभ्यासक्रमातून काढण्यास माझी हरकत नाही.

शैला : हरकत नाही?

अंबरीश : लिही गं.

शैला : लिहिलं. पुढे?

अंबरीश : तथापि, सदर विषय अर्जदाराच्या डोक्यातूनही, कॉलेजच्या खर्चाने आणि शक्यतो पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी, काढून देण्यात यावा, ही नम्र विनंती.