टोपलीखालचं पाणी

बाय काकू : तरी मी म्हणतच होते, भाऊजी. फणसाला पांढरी पट्टी बांधलीत, पपनसाला बांधलीत, दारातल्या आंब्यालाही बांधलीत. शेवंतीलाच कुणी सांगितलं नाही, की ताई गेली. मग रुसणार नाही तर काय.

बाबा : शेवंती बाजारात जायची आहे, बाय. तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, सुतकाची पट्टी बांधलेलं झाड दारात कोण ठेवेल? तू ठेवशील?

बाय काकू : मी कशाला ठेवू?

बाबा : मग झालं.

दिएम : काकू, पट्टीचं राहू दे. ही पानं बघा ना. कडा करपल्यात, खालची पिवळी पडलीत. आई होती तेव्हा असं कधी झालं होतं?

बाय काकू : तुझी आई होती तेव्हा? तिच्या टोपल्यांतली शेवंती बघून मी माझ्या टोपल्या लाजेनं घरामागे नेऊन ठेवायचे. कालव्याचं पाणी खारं झालं असेल बघ. या दिवसांत समुद्र वर चढतो नि आपल्याला पत्ता लागत नाही.

बाबा : रोज चाखतो मी. गोड आहे.

बाय काकू : तुमच्या जिभेचं काय सांगता. भातावर माशाचा रस्सा ओतून घेता नि वर मीठ मागता. ताई कंटाळायची.

बाबा : मग तू चाख. ही घे झारी.

बाय काकू : ... गोडच आहे की.

बाबा : आता मीठ हवं का?

दिएम : टोपलीखाली जे ठिबकतं ते चाखू का? आई चाखायची. बोट लावायची, जिभेवर ठेवायची नि थुंकायची. लहानपणी मला किळस यायची.

बाबा : चाख.

दिएम : खारट आहे. खारट आणि कडू. हे कालव्याचं नाही, बाबा. हे खताचं आहे.

बाय काकू : म्हणजे उपाशी नाहीत, अजीर्ण झालंय यांना. मातीत जास्त पडलं तर माती थोडं पोटात घेते. टोपलीतला हा नारळाचा भुसा काही पोटात घेत नाही बाई. उरलं की मीठ होऊन तिथंच बसतं.

दिएम : ते आईनं मला सांगितलं होतं. म्हणून तर मी अगदी पातळ करून...

बाबा : तू?

बाय काकू : मी निघते. चुलीवर मासा ठेवून आलेय. दिएम, रात्रीचं जेवण करू नकोस. मी पाठवते.

दिएम : हो, काकू.

बाबा : तू पाणी घालतेस?

दिएम : दुपारी. तुमचा डोळा लागला की.

बाबा : खतासकट?

दिएम : आई घालायची तसं. दर वेळी चिमूटभर, बादलीत विरघळवून. वरचा भुसा पांढरा पडलेला दिसतो, म्हणून घालते.

बाबा : वरून तो नेहमीच कोरडा दिसतो. आत ओला असतो. टोपली उचलून बघायची. जड लागली तर पुढे जायचं.

दिएम : बघत होते की उचलून. जडच लागायच्या. मला वाटलं, माझ्याच हातांत जोर राहिला नाही.

बाबा : मी पहाटे घालतो.

दिएम : तुम्ही?

बाबा : कोंबडा आरवला की. तू उठायच्या आत आवरतो. खत घालूनच.

दिएम : पण अंत्ययात्रेहून आलो त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, मला या शेवंतीकडे बघवत नाही. मी म्हटलं, आता यांना बघणारं घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

बाबा : बघवत नाही म्हणूनच अंधारात घालत होतो. आणि तू सायगॉनची. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका काढायच्या, घरात एक तुळशीएवढी कुंडी नाही. मला काय ठाऊक तू बादली उचलशील.

दिएम : विचारलं का नाहीत?

बाबा : तू विचारलंस?

(बाबा हातातली झारी खाली ठेवतात.)

दिएम : कळ्या धरल्यात. वाचतील का?

बाबा : टोपल्या साध्या पाण्यानं धुवून काढायच्या. खालून येणारं पाणी गोड लागेपर्यंत ओतत राहायचं. मग हात लावायचा नाही. काही वाचतील.

दिएम : आणि बाजाराची होडी आली की?

बाबा : चांगल्या निघतील त्या द्यायच्या. तिनं होडीवाल्याला शब्द दिला होता. म्हणाली होती, यंदा फुलं माझ्याशिवाय जातील, पण जाऊ द्या.

दिएम : मलाही म्हणाली होती.

बाबा : मला वाटत होतं, मला एकट्यालाच म्हणाली.

दिएम : मलाही तसंच वाटत होतं.

बाबा : धर ही टोपली. तिरपी कर. खोडाला धरू नकोस, कडेला धर.

दिएम : बाबा, आई गेली त्या दुपारीही असंच झालं.

बाबा : पाणी ओततोय. पाय मागे घे.

दिएम : मी घरामागे टांगलेल्या झोळीत पडले होते. जरा पाठ टेकावी म्हणून. मला वाटलं तुम्ही तिच्याजवळ आहात.

बाबा : तुझ्या चपला तिच्या खोलीच्या दाराशी होत्या.

दिएम : अनवाणी गेले होते.

बाबा : चपला बघितल्या नि म्हटलं, पोरगी आत आहे. सकाळपासून तिनं धोशा लावला होता, टोपल्या सुकल्या असतील, बघून या. म्हणून आलो इकडे.

दिएम : सुकल्या होत्या?

बाबा : नव्हत्या. एकेक उचलून बघितली. सगळ्या जड होत्या. तरी बराच वेळ इथंच बसलो. आत गेलो तर...

दिएम : मला तुम्हीच हाक मारून उठवलंत.

बाबा : हं.

दिएम : यांना दोघांनी पाणी दिलं. आणि तिच्यापाशी शेवटी एकही...

बाबा : चाख आता.

दिएम : अजून खारट आहे.

बाबा : मग ओतू अजून. हात दुखला तर सांग.

दिएम : नाही दुखत.

बाबा : बाय म्हणते त्यातही काही खोटं नाही. झाडांना सांगायला हवं होतं. मी सगळ्या बागेत फिरलो, पट्ट्या बांधल्या, प्रत्येकाला सांगितलं. यांच्यापाशी आलो नि परत फिरलो.

दिएम : बाजारासाठी?

बाबा : बाजाराचं आपलं बायला सांगायला.

दिएम : माझ्याकडे पट्टीचा तुकडा आहे. एका टोपलीला बांधू? एकच. ती द्यायची नाही, आईच्या फोटोपुढे ठेवायची.

बाबा : करपलेली घे. चांगली बाजूला काढलीस तर तिला आवडायचं नाही. चांगली फुलं लोकांची, म्हणायची.

दिएम : ही?

बाबा : ही घे. हिला एका बाजूनं कळ्या आहेत, ती बाजू पुढे येईल. सैल बांध. खोड अजून जाड व्हायचंय.

दिएम : सांगायचं काय असतं?

बाबा : काही नाही. तुझी मालकीण गेली, आता आम्ही आहोत. एवढंच.

दिएम : तुम्ही सांगा.

बाबा : आपण दोघं आहोत म्हणून सांग. तूच सांग.

दिएम : ... सांगितलं. बाबा, आता खालचं पाणी चाखा तुम्ही.

बाबा : आलं. गोड आलं. ठेव खाली, पुढची धर.

दिएम : उद्या पाणी कोण घालणार?

बाबा : उद्या कुणीच नाही.

दिएम : आणि परवा?

बाबा : पहाटे उचलून बघीन. हलकी लागली तर घालीन. घातलं की तुला सांगेन.

दिएम : मी झोपले असले तर?

बाबा : तर झोपू देईन.

दिएम : नको. उठवा.