योगिनीबाईंनी देऊ केलेलं यकृत

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, मुख्याध्यापक बन्सीधर सर, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवृंद, पिंगळीचे ग्रामस्थ, माता-भगिनी आणि विद्यार्थी मित्रहो,

निरोप योगिनीबाईंचा आणि बोलायला उभा त्यांचा नवरा, हे रीतीला धरून नाही. तरी आबासाहेबांनी माझी विनंती मानली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आत्ताच्या भाषणांत सर्वांनी मोठ्या शालीनतेनं ‘कौटुंबिक कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती’ असं म्हटलं. ते कौटुंबिक कारण म्हणजे मी, श्रीराम. मला यकृताचा कर्करोग आहे. चोरून पीत असणार, असंही काहींना वाटतं. नाही हो. जुन्या ब काविळीनं यकृत आतून सुकवलं आणि तिथं गाठ धरली.

गेल्या वर्षी हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृत बदलता येईल, पण अटी आहेत. गाठ एकच असेल तर पाच सेंटिमीटरच्या आत हवी. रक्तवाहिनीत शिरलेली नको, यकृताबाहेर पसरलेली नको. माझी चारची होती. मी मापात बसत होतो! आपला कर्करोग मापात बसला म्हणून माणूस पेढे वाटायच्या बेतात येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

यकृताचा तुकडा देणार कोण? आमच्या मुलाचा, नचिकेतचा रक्तगट जुळेना. योगिनीचा जुळला, पण तिच्या यकृतावर चरबी निघाली. तिनं वजन उतरवायचं, तोवर माझी गाठ औषधानं थोपवून धरायची, असं ठरलं.

बाईंना सकाळी स्टेशनच्या रस्त्यानं भराभर चालताना आपण पाहिलंच असेल. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सारजाबाईंनी एकदा त्यांना वाटेत अडवलं होतं. “लय वाळल्या की वो बाई तुमी! जेवायनात काय?”

“हलकी व्हायलेय, सारजाबाई,” एवढंच म्हणून ती पुढं गेली. भात सोडला, तेल सोडलं, सणावारी पुरणपोळी आम्हाला वाढली आणि स्वतः काकडी खाल्ली.

तीन-साडेतीन महिन्यांनी तिचा अहवाल स्वच्छ आला. माझाही त्याच दिवशी आला. गाठ यकृताच्या मोठ्या शिरेत शिरली होती.

डॉक्टर म्हणाले, “आता प्रत्यारोपण करता येणार नाही.”

“पण मी तयार आहे ना आता,” योगिनी म्हणाली. “घ्या की माझं.”

“ताई, तुमचं यकृत उत्तम आहे. प्रश्न त्याचा राहिलाच नाही.”

घरी परतल्यावर कुलूप काढता काढता ती म्हणाली, “मी आधीच बारीक असते तर?”

मंडळी, या प्रश्नाला नवऱ्यानं काय उत्तर द्यावं? पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना एकट्यानं गाठून तेच विचारलं. ते म्हणाले, “कदाचित शस्त्रक्रिया झाली असती. पण औषध चालू असताना जी गाठ इतक्या लवकर शिरेत घुसली, ती बहुधा नव्या यकृतातही उगवली असती. थांबलो म्हणून तिचा स्वभाव कळला. नाहीतर ताईंचंही पोट फाडलं असतं, आणि तुम्ही वाचला नसतातच.”

हे मी घरी सांगितलं. ती म्हणाली, “मला बरं वाटावं म्हणून सांगायलात तुम्ही.” पुन्हा सांगितलं, तर ताट घेऊन उठली. म्हणून आज आपल्या सर्वांसमोर सांगतो आहे. चारचौघांत मी खोटं बोलत नाही, एवढं तिला पक्कं माहीत आहे. योगिनी, तुझ्यामुळे उशीर झाला नाही.

सध्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी दिवस वाढतील, गाठ जाणार नाही. नोकरी सोडू नकोस, असं मी परोपरीनं विनवलं. म्हटलं, “घरी बसून काय करणार? दोघांनी एकमेकांकडं बघत बसायचं?”

ती म्हणाली, “हो. तेच करायचंय.”

आपण तिला इतकी वर्षं जपलंत, पुढंही जपाल, म्हणून आपले मनापासून आभार. समारंभाच्या गोडव्यात मी कडू घास आणला, तो पोटात घालावा. आता उभं राहवत नाही. बसतो.